इंजिन हलणारच, प्रश्न आहे ते धरायचं कसं

(येडशी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आत येताना बाहेर लावलेल्या गाड्या बघितल्या. दोन बुलेट, एक ॲव्हेंजर, तीन-चार स्कूटर, एक डिझेल रिक्षा आणि कडेला एक ट्रॅक्टर. आजच्या विषयाची सगळी पात्रं बाहेरच उभी आहेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. या सगळ्या गाड्यांत इंजिन आहे. प्रत्येक इंजिन हलतं, थरथरतं, धडधडतं. आणि प्रत्येक गाडीत ते वेगळ्या पद्धतीनं धरलेलं आहे. आपले मेकॅनिक ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात, तोच आजचा विषय.

फाउंडेशन हा शब्द मोठा बोलका आहे. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आठवा. एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना जडच्या जड चाकं, आणि सगळं यंत्र सिमेंटच्या ओट्यात बोल्ट गाडून आवळलेलं. ते इंजिनही हलायलाच बघायचं, पण त्याला ओटा हलवावा लागायचा, ओट्याखालची जमीन हलवावी लागायची. जोर तोच, वजन अफाट, म्हणून हालचाल नगण्य. मोटारसायकलला ही सोय नाही. तिचा ओटा म्हणजे चार लोखंडी नळ्या, आणि त्या नळ्यांवर आपण बसलेलो.

मुळात इंजिन हलतं का?

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला गोफण लागते. गोफण फिरवताना हाताला काय जाणवतं? दगड ज्या बाजूला, त्या बाजूला हात ओढला जातो. जेवढ्या जोरात फिरवाल तेवढी ओढ जास्त. आणि वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. हे एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

इंजिनात पिस्टन गोल फिरत नाही, वर-खाली होतो. वर जाऊन थांबतो, उलट फिरतो, खाली जाऊन थांबतो, परत उलट. दर वेळी त्याला थांबवायला आणि पुन्हा पळवायला जोर लागतो, आणि तो जोर क्रँकच्या बेअरिंगमधून इंजिनाच्या खोक्यावर येतो. किती जोर? हिशेब करून बघू. साडेतीनशे सीसीचं एक सिलिंडर धरा. पिस्टन, त्याची पिन आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो धरू. पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या ४५ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतंय. हिशेब येतो साधारण २,२०० न्यूटन, म्हणजे सव्वादोन क्विंटल. अर्ध्या किलोचा ऐवज, आणि तो सेकंदाला पन्नास वेळा सव्वादोन क्विंटलनं वर ओढतो आणि जवळपास तेवढ्याच जोरानं खाली ढकलतो. ४,५०० फेऱ्यांवर गेलात तर तोच आकडा पाच क्विंटलच्या वर जातो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. गोफणीचाच नियम.

त्यात दुसरा एक हिसका मिसळतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा क्रँक एका दिशेनं ढकलला जातो, आणि इंजिनाचं खोकं उलट्या दिशेनं पिळलं जातं. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. म्हणून आयडलिंगला गाडी ‘धड… धड…’ करते. मधल्या रिकाम्या फेऱ्यात काही घडत नाही, आणि त्या शांततेमुळंच पुढचा धक्का जास्त जाणवतो.

अर्ध्यावरचा तोडगा

तुम्ही म्हणाल, क्रँकला पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन लावा, झालं. लावतातच. पण एक अडचण आहे. क्रँकवरचं वजन गोल फिरतं आणि पिस्टन सरळ रेषेत पळतो. पिस्टन वर असताना वजन खाली असतं, तेव्हा दोघं एकमेकांना मारतात, छान. पण क्रँक पाव फेरा फिरला की वजन आडवं होतं, आणि तेव्हा त्याला अडवायला समोर कुणी नसतं. उभा हिसका गेला, आडवा आला. म्हणून साधारण अर्ध्यापुरतंच वजन लावतात: अर्धा हिसका उभा राहतो, अर्धा आडवा होतो. सव्वादोन क्विंटलचे सव्वाशेच्या आत, साधारण ११३ किलो येतात. पण ते आता सगळीकडून फिरत राहतात.

उरलेले घालवायचे असतील तर दुसरी गोफण लागते, पहिलीच्या उलट फिरणारी. क्रँकवरचं अर्धं वजन उजवीकडून फिरतं, शेजारच्या शाफ्टवरचं अर्धं वजन त्याच वेगानं डावीकडून. वर-खाली येताना दोघांची बेरीज होऊन पिस्टनचा जोर मारला जातो. आडवे होताना दोघं विरुद्ध दिशांना खेचतात, म्हणजे एकमेकांना मारतात. याला बॅलन्सर शाफ्ट म्हणतात. कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरनं १८९० च्या दशकातच आपल्या मोटारीत एकमेकांच्या उलट फिरणारे दोन क्रँक वापरले होते. रॉयल एनफिल्डनं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मीटिअर ३५० आणली, तिच्या इंजिनात असा बॅलन्सर आहे. ज्यांनी जुनी बुलेट चालवली आहे आणि मग ही नवी चालवली, त्यांना आरशातून फरक दिसला असेल. जुन्या गाडीच्या आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसायचे.

इथं कुणी मेकॅनिक बसले असतील तर एक विनंती. इंजिन खोलून परत भरताना बॅलन्सरच्या गिअरवरची खूण आणि क्रँकच्या गिअरवरची खूण जुळलीच पाहिजे. अर्धा फेरा चुकला तर शाफ्टवरचं वजन क्रँकवरच्या वजनाच्या मदतीला येण्याऐवजी पिस्टनच्या मदतीला जातं. गिऱ्हाईक सांगतं, ‘इंजिन केल्यापासून गाडी लई हादरते’, आणि आपण कार्बोरेटर बघत बसतो.

ही अडचण आपल्या स्टेशनातही होती

येडशीच्या जुन्या माणसांना बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ती आखली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, आणि १९११ साली येडशीवरून पुढं लातूरला पोचली. कॅलथ्रॉपचा आग्रह असा होता की कुठल्याच आसावर पाच टनांच्या वर भार नको. म्हणजे हलके रूळ चालतील, खर्च कमी येईल, आणि आपल्यासारख्या भागातही रेल्वे परवडेल.

आता वाफेच्या इंजिनाचा विचार करा. त्यालाही पिस्टन असतो, आडवा. त्याचा हिसका मारायला चाकांवर वजनं लावतात. चाकाच्या आऱ्यांत भरलेला तो चंद्रकोरीसारखा भाग तुम्ही फोटोत बघितला असेल. पिस्टनची ओढ त्यानं कमी होते, पण ते वजन चाकाबरोबर फिरतं आणि दर फेऱ्याला एकदा रुळावर आपटतं. रेल्वेवाले त्याला हातोड्याचा घाव म्हणतात, आणि हलक्या रुळांना हा घाव जास्त सोसावा लागतो. म्हणजे बुलेटच्या क्रँकमध्ये जी ओढाताण आहे, तीच रेल्वेच्या चाकात होती: एक हिसका घालवायचा तर दुसरा पदरात घ्यायचा.

रबर काय करतं?

उरलेला हिसका सीटपर्यंत येऊ द्यायचा नसेल तर इंजिन आणि चौकटीच्या मध्ये रबर घालतात. रबर म्हणजे गादी, मऊ म्हणून बरं वाटतं, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे.

पंचमीचा झोका आठवा. झोक्याला स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलका हात लावला तरी झोका चढत जातो. पण त्याच्या लयीपेक्षा फार भराभर ढकलत राहिलात तर झोका जागच्या जागी थरथरतो, जात कुठंच नाही. रबरावर बसवलेलं इंजिन म्हणजे असाच झोका. त्याची लय रबर किती मऊ आहे आणि इंजिन किती जड आहे यावर ठरते. इंजिनाच्या नुसत्या वजनानं रबर अडीच मिलिमीटर दबलं, तर त्या झोक्याची लय सेकंदाला साधारण १० हेलकाव्यांची असते.

आता आपलं मघाचं इंजिन त्यावर ठेवू. ३,००० फेऱ्यांवर हिसका सेकंदाला ५० वेळा येतो, लयीच्या पाचपट. अशा वेळी चौकटीपर्यंत हिशेबानं चोविसावा भाग पोचतो. ११३ किलोचे पाच किलोही राहत नाहीत. आता गाडी आयडलिंगला आणा, ९०० फेरे. हिसका मुळात लहान झाला, साधारण १० किलोचा. पण सेकंदाला १५ वेळा, म्हणजे झोक्याच्या लयीच्या फक्त दीडपट. इथं रबर फार मदत करत नाही, दहापैकी आठ किलो चौकटीत येतात. बघा गंमत: हायवेला पाच किलो आणि उभ्या गाडीला आठ किलो! म्हणून रबरवाली गाडी सिग्नलला हालते आणि रस्त्यावर गुळगुळीत पळते. आणि फेरे त्या लयीवर आले, समजा ६००, तर रबर कंपन कमी करायचं सोडून वाढवतं. गाडी बंद करताना शेवटी जो एक मोठा झटका बसतो, तो इंजिन या लयीतून खाली उतरताना बसतो.

मग अजून मऊ रबर का नाही घालत? कारण इंजिनाला फक्त थरथरायचं नसतं, चाकही ओढायचं असतं. चेन एका टोकाला इंजिनावर, दुसऱ्या टोकाला मागच्या चाकावर. इंजिन कडेला सरकलं तर चेन तिरकी होते, मागचं चाक आणि पुढचं चाक एका रेषेत राहत नाहीत, वळणावर गाडी डोलते. घाटात हे जिवावर बेतू शकतं. फाउंडेशनची सगळी कला या दोन मागण्यांमध्ये आहे: वर-खाली हलू दे, पण आडवं सरकू देऊ नको.

क्रूझरमध्ये ही कला का दिसते

क्रूझर म्हणजे लांब, बुटकी, पाय पुढं ठेवून निवांत चालवायची गाडी. इंजिन मोठं, फेरे कमी, ओढ जास्त. मोठा पिस्टन म्हणजे मोठा हिसका, कमी फेरे म्हणजे झोक्याच्या लयीच्या जवळ, आणि पाय ठेवायचे फुटरेस्ट नेमके इंजिनाच्या पुढच्या फाउंडेशनच्या आसपास. त्यात माणूस तासन्‌तास एकाच बैठकीत. म्हणून ही अडचण क्रूझरवाल्यांना सगळ्यात आधी सोडवावी लागली.

सगळ्यात गाजलेला तोडगा इंग्लंडच्या नॉर्टन कंपनीचा. त्यांच्या ७५० सीसीच्या इंजिनात दोन सिलिंडर होते, पण दोन्ही पिस्टन बरोबरच वर आणि बरोबरच खाली. म्हणजे हिसक्याच्या दृष्टीनं तो एक मोठा सिंगलच. १९६७ साली दाखवलेल्या कमांडो गाडीत त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा आर्म हे तिन्ही एकत्र बांधले, आणि ते पूर्ण बिऱ्हाड रबरावर टांगलं. चेनची दोन्ही टोकं एकाच बिऱ्हाडात असल्यामुळं ती तिरकी व्हायचा प्रश्नच मिटला. बाजूला सरकायला मात्र जागा अगदी थोडी ठेवली, आणि ती पातळ चकत्या घालून नेमकी करावी लागायची. ज्यानं चकत्या नीट बसवल्या त्याची गाडी लोण्यासारखी, ज्यानं दुर्लक्ष केलं त्याची वळणावर डोलायची.

हार्ले-डेव्हिडसनचा व्ही आकाराचा जोड सिलिंडर ४५ अंशांचा. दोन सिलिंडर ९० अंशांवर ठेवले असते तर क्रँकवरच्या वजनानं पहिला हिसका पूर्ण मारता येतो. ४५ वर तो मारता येत नाही, आणि दोन स्फोटही सारख्या अंतरानं होत नाहीत. त्या लंगडत्या ठेक्यावर लोक जीव टाकतात. हार्लेनं १९९४ साली त्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता, २००० साली तो अर्ज मागं घेतला. पण त्याच कंपनीनं आवाज जपता जपता थरथर घालवायला किती खटपट केली बघा: १९८० मध्ये लांब पल्ल्याच्या गाडीत रबर, २००० मध्ये सॉफ्टेलच्या इंजिनात दोन बॅलन्सर, कारण तिथं इंजिन चौकटीला घट्ट आवळलेलं होतं, आणि २००४ मध्ये स्पोर्टस्टरलाही रबर. गिऱ्हाईकाला धडधड हवी असते, पण मुंग्या नको असतात.

आपल्याकडं स्वस्तातली क्रूझर आणली ती बजाजनं. २००१ साली कावासाकी बजाज एलिमिनेटर, १७५ सीसी. २००५ साली तोच अवतार पल्सरच्या १८० सीसी इंजिनासह ॲव्हेंजर म्हणून आला, २०१० साली २२० झाला. इंजिन पल्सरच्या घरातलं, पण देह लांब आणि बुटका. इंजिन एकच असलं तरी चौकट बदलली की थरथर बदलते, कारण प्रत्येक नळीलाही झोक्यासारखी स्वतःची लय असते. लांब हँडलची लय वेगळी, आखूड हँडलची वेगळी. बाजारातून उंच हँडल आणून बसवलं की नेमक्या ६०-६५ च्या वेगाला हात झिणझिणायला लागतात, ते यामुळं. इंजिनाचा काही दोष नसतो.

बाकीच्या गाड्या

१९७२ ची बजाज चेतक घ्या. तिचं इंजिन चौकटीला आवळलेलंच नव्हतं. मागचं चाक इंजिनालाच लावलेलं, आणि इंजिन पुढच्या बाजूला रबराच्या बुशवर लोंबकळत चाकाबरोबर वर-खाली व्हायचं. तो बुश म्हणजे आपला ‘सायलेंट ब्लॉक’. तो झिजला की स्कूटर मागून झुलायची. नॉर्टनचा आणि चेतकचा विचार आतून एकच आहे: इंजिन आणि चाक एकत्र ठेवा, माणूस वेगळा ठेवा. आजच्या गिअर नसलेल्या पेट्रोल स्कूटरही याच वाटेनं जातात.

डिझेल रिक्षात एक सिलिंडर, त्यात डिझेलचा दाब पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, आणि गाडी हलकी. म्हणून स्टँडवर उभ्या रिक्षात बसलं की बोलताना शब्दही थरथरतात. तिथं रबर मऊ ठेवावंच लागतं, आणि मऊ रबर लवकर जातं.

मोटारीत बहुधा चार सिलिंडर असतात. दोन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळं मोठा हिसका आपोआप मरतो. उरतो तो फेऱ्याच्या दुप्पट वेगानं येणारा लहान हिसका आणि स्फोटाचा पीळ. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लरनं प्लिमथ मोटारीत इंजिन अशा दोन जागी रबरावर टेकवलं की ते स्वतःच्या वजनाच्या आसाभोवती मोकळेपणानं पिळू शकेल. ‘फ्लोटिंग पॉवर’ असं त्याचं नाव होतं. फ्रान्सच्या सित्रोएननं ते विकत घेतलं आणि जाहिरातीत पोहणारा हंस दाखवला.

ओळीत सहा सिलिंडर असतील तर उभे हिसके जवळपास सगळेच एकमेकांना मारतात. एसटीच्या जुन्या गाड्यांत सहा सिलिंडरचीच इंजिनं असायची. मग खिडक्या का वाजायच्या? स्फोटाचा पीळ राहतोच, आणि आयडलिंगला त्याची लय सैल काचेच्या लयीशी जुळते. ड्रायव्हरनं जरा ॲक्सिलरेटर दाबला की काच गप्प. सगळ्यांनी अनुभवलंय हे.

आणि ट्रॅक्टर? त्याला बहुधा चौकटच नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस एकमेकांना बोल्टनं जोडले की झाला ट्रॅक्टर. १९१७ च्या फोर्डसनपासून ही पद्धत रुळली. इंजिन हेच पाठीचा कणा, मग त्याला रबरावर कसं ठेवणार? थरथर थेट सीटला आणि स्टिअरिंगला. म्हणून ट्रॅक्टरची सीट आणि तिची स्प्रिंग ही चैन समजू नका. फाटलेल्या सीटवर पोतं टाकून हंगामभर नांगरणी करणाऱ्याच्या कमरेला विचारा.

हे सगळं कशासाठी सांगतोय

अंगावर काय येतं ते ऐका. १९१८ साली ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी इंडियानातल्या दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटं तपासली. हवेच्या हातोड्यानं काम करणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडायची, बधिर व्हायची. थरथरीनं बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात. २००२ साली युरोपनं कायदा केला: आठ तासांच्या कामात हातावर येणारं कंपन दर सेकंद वर्गाला अडीच मीटरच्या वर गेलं तर मालकानं उपाय करायचे, पाचच्या वर जाऊच द्यायचं नाही. तो कायदा कामगारांसाठी आहे. पण पहाटे दुधाच्या किटल्या लावून निघणारा, दिवसभर पार्सलं वाटणारा, रोज गाडीवर साठ-सत्तर किलोमीटर जाणारा माणूस, तोही दिवसाचे तास हँडल धरूनच घालवतो. त्याचं कंपन कुणी मोजत नाही.

मोबाइलचंही तेच. ॲपल कंपनीनं सप्टेंबर २०२१ मध्ये सूचना काढली की मोठ्या मोटारसायकलच्या हँडलला फोन थेट अडकवू नका, कॅमेऱ्यातली तोल सांभाळणारी यंत्रणा थरथरीनं बिघडू शकते. जे फोनच्या कॅमेऱ्याला सोसत नाही ते मनगटाला सोसावं, अशी आपली अपेक्षा.

आता माझा मूर्खपणा सांगतो. तरुणपणी माझ्याकडं एक जुनी मोटारसायकल होती. इंजिनाच्या वरच्या फाउंडेशनचं रबर फुटलं. नवीन मिळेना, म्हणून मी आणि एका मित्रानं लोखंडी चकत्या घालून बोल्ट आवळला. गाडी घट्ट झाली, आम्ही खूश. पंधरा दिवसांत नंबरप्लेट तडकली. मग टाकीखाली पेट्रोलचा वास यायला लागला. आणि एका रात्री तेरखेड्याहून येडशीकडं येताना हेडलाइट गेला. बल्बची तार थरथरीनं तुटली होती. समोरून ट्रक, बाजूला खड्डा, आणि माझ्यापुढं काळाकुट्ट अंधार. वाचलो. पन्नास-साठ रुपयांचं रबर होतं ते.

म्हणून घरी करता येईल असं थोडं सांगतो. गाडी उभ्या स्टँडवर लावा, बंद ठेवा, इंजिन हातानं हलवून बघा. टकटक आवाज आला तर बोल्ट सैल आहे किंवा रबर गेलं आहे. रबरावर भेगा, चमक गेलेली, तेलानं फुगलेलं दिसलं तर बदला. तेल गळत असेल तर आधी गळती थांबवा, नाहीतर नवीन रबरही तसंच फुगेल. बोल्टच्या भोकाजवळ, जोडाजवळ रंग तडकलेला किंवा गंजाची बारीक रेघ दिसली तर तिथं लोखंडाला चीर असू शकते, गाडी चालवू नका. फाउंडेशन आणि इंजिन यांच्यात फट असेल तर बोल्ट आवळून ती मिटवू नका, चौकट कायमची ताणात राहते. तिथं योग्य जाडीची चकती घाला. आणि रबर बदलल्यावर सगळे बोल्ट आधी सैल ठेवा, इंजिन आपल्या जागी बसू द्या, मग आवळा. पिळलेल्या रबराचं आयुष्य निम्मं आधीच संपलेलं असतं.

प्रश्नोत्तरे

*एक मेकॅनिक:* सर, ओरिजनल रबर महाग पडतं, गिऱ्हाईक डुप्लिकेट मागतं. दिसायला सेम असतं. काय सांगायचं?

दादा, मघाचा झोका सांगा त्याला. माप तेच असलं तरी रबर कडक असेल तर झोक्याची लय वर सरकते. दहाची पंधरा झाली की आयडलिंगचे फेरे नेमके तिच्यावर येतात, आणि गाडी उभ्या जागी आधीपेक्षा जास्त हादरते. गिऱ्हाईक मग तुम्हालाच बोलतं. नखानं दाबून दोन्ही रबरं त्याला दाखवा. बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.

*एक तरुण:* माझी बोटं गाडी चालवल्यावर तासभर बधिर राहतात. ग्लोव्हज घेऊ का?

ग्लोव्हजनं थोडा फरक पडेल, थंडीत नक्की पडेल. पण आधी मूठ सैल धरायला शिका. जितकं घट्ट धराल तितकं कंपन हातात शिरतं. हँडलच्या टोकांची वजनं काढली असतील तर परत बसवा, ती शोभेची नाहीत. आणि गाडी न चालवताही बोटं पांढरी पडत असतील, मुंग्या येत असतील, तर मेकॅनिककडं नाही, डॉक्टरांकडं जा.

*एक विद्यार्थिनी:* सर, इलेक्ट्रिक स्कूटरला पिस्टनच नाही. मग फाउंडेशनचा विषय संपणार का?

छान प्रश्न. मोटारीत सगळं गोलच फिरतं, त्यामुळं मोठा हिसका खरंच गेला. पण ओढ आहे, म्हणजे पीळ आहे. गिअर असतील तर त्यांची बारीक शीळ आहे, आणि रस्ता तोच आहे. शिवाय धडधड गेल्यावर आधी न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात. बॅटरीची पेटी, एखादं सैल झाकण. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत आवाज आणि कंपन तपासणारे लोक इलेक्ट्रिक गाड्यांचीही तपासणी करतात. काम संपलं नाही, बेटा, बारीक झालं. तुझ्या वेळेपर्यंत अजून बारीक होईल, तेव्हा कान तयार ठेव.

बाहेर गाडी काढताना आज एकदा हात लावून इंजिन हलवून बघा.